बाभळीच्या तेजाबाचं माप

मामंजी, तुम्ही गेलात तेव्हा साठीला टेकला होता. मी आता पंचाहत्तरी ओलांडली, म्हणजे वयानं तुमच्याहून मोठी झाले. तरी हे लिहायला बसताना हात आपोआप पदराकडे गेला आणि पदर डोक्यावर आला, तेव्हा माझं मलाच हसू आलं. नातीला मुलगी झाली आहे. तिच्या घुटीसाठी मी सकाळी सहाणेवर मायफळ उगाळत होते आणि बोटाला लागलेलं सहज जिभेला लावलं. तो तुरटपणा तुम्हाला ठाऊक आहे, जीभ कुणीतरी दोरीनं आवळल्यासारखी होते. आणि जालन्याच्या आपल्या घराची मागची पडवी, सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, करडी नजर, तुमचा तो काचेच्या पेटीतला तराजू, सगळं एकदम समोर आलं. बाळ रडायला लागलं तरी मी तशीच बसून राहिले.

मी आष्टीहून तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा मराठी चौथी झालेली होते, आणि तीही कशीबशी. तुम्ही तीस वर्षं सरकारी शाळेत उर्दूतून विज्ञान शिकवून नुकते घरी बसला होता. एक डोळा ऑपरेशनात गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू उतरत होता आणि पुन्हा चाकूखाली जायला तुम्ही काही केल्या तयार नव्हता. यांची नोकरी परतूरला रेल्वेत, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाणार. त्यामुळे आठवडाभर घरात तुम्ही, आत्याबाई आणि मी. सासऱ्यासमोर सुनेनं उभंसुद्धा राहायचं नाही अशी ती वर्षं. मी चहा दाराच्या आत ठेवून मागे सरायची. एके दिवशी तुम्ही तिथूनच हाक मारलीत, "कोण, सूनबाई का? ये इकडं. या नळीत पारा कुठवर आला ते वाचून सांग."

मी जागची हलले नाही. आत्याबाई चुलीपाशी होत्या, त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जा, सांग. मला आकडे येत न्हाईत म्हणून मी कधीची सुटले." मी गेले. नळीवरचे आकडे इंग्रजी होते, मला येत नव्हते. ते सांगायची लाज वाटली म्हणून मी पुटपुटले. तुम्ही म्हणालात, "मोठ्यानं बोल. माझे डोळे गेलेत, कान न्हाई. अन् येत नसंल तर तसं सांग." मी सांगितलं, येत नाही. तुम्ही कोळसा घेतलात आणि शहाबादी फरशीवर एक ते नऊ आणि शून्य काढून दिलंत, चाचपडत, एकावर एक चढलेले. मी ते दुपारभर पुसू दिले नाहीत. आत्याबाईंनी त्या दिवशी तेवढी जागा सोडून फरशी पुसली.

तुमच्या मनात काय होतं ते मला हळूहळू कळत गेलं. कुंडलिकेच्या काठानं सगळी बाभळ. शेळ्या तिच्या शेंगा खातात, चांभार तिच्या सालीनं कातडं कमावतात, आणि तुमच्या लहानपणी त्याच शेंगांची शाई करायचे. मायफळाचीही शाई होते, पण ते इराण-बसऱ्याकडून येणार. तुमचं म्हणणं असं की मायफळात जे तेजाब, म्हणजे आम्ल, आहे तेच आपल्या बाभळीच्या शेंगेत आहे. नोकरीत असताना तुम्ही हे हैदराबादच्या एका प्राध्यापकांना लिहून कळवलं होतं. त्यांचं उत्तर तुम्ही जपून ठेवलं होतं आणि तुम्हाला ते पाठ होतं: दिसायला साखर आणि मीठही सारखंच असतं, मास्तरसाहेब. ते तेजाब किती गरम पाण्यात किती विरघळतं, ते मोजून पाठवा, मग बोलू. प्रत्येक पदार्थाचं विरघळणं त्याचं स्वतःचं असतं, दोघांचं जुळलं तर पदार्थ एक. पण तराजू घ्यायला पैसे जमवण्यात आणि शाळेच्या धबडग्यात वर्षं गेली. तराजू घरी आला तोवर त्याचा काटा दिसेनासा झाला होता.

मग घरात जे सुरू झालं त्यानं आत्याबाईंचा जीव मेटाकुटीला आला. शेंगा कुटून, भिजवून तुम्ही त्या माठात घातल्यात आणि पडवीत ठेवून दिल्यात. म्हणालात, बुरशी चढू द्यायची, महिनाभर हलवायचं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी वास सुटला. शेजारीण भिंतीवरून डोकावून विचारून गेली. आत्याबाई म्हणाल्या, "माझी अंबाड्याची भाजी दुसऱ्या दिवशी वाढली तर नाक मुरडता, अन् हे काय पिकवून राह्यलात?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "तेजाब." तो शब्द ऐकून त्या दोन पावलं मागे सरल्या, कारण तेजाब म्हणजे सोनाराकडचं, कपड्यावर पडलं की भोक पाडणारं. पुढं महिन्यानं ते सगळं उकळून, गाळून, पुन्हा उकळून तुम्ही थंड व्हायला ठेवलंत आणि सकाळी मी झाकण काढलं तर भांड्याच्या तळाशी पिवळट कुसळं. बाजरीच्या कणसाची असतात तशी, बारीक, एकमेकांत गुंतलेली. मी ओरडलेच. सासऱ्यासमोर ओरडले म्हणून जीभ चावली, पण तुम्ही दोन्ही हात पुढे केले होते. मी थोडी कुसळं तुमच्या तळहातावर ठेवली. तुम्ही ती जिभेला लावलीत आणि आत्याबाईंपुढे हात केलात, "घे, जळतं का बघ." त्यांनी टोक जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "इश्श, हे तर मायफळ."

"हेच तर तीस वर्षं सांगून राह्यलो," तुम्ही म्हणालात.

पण जिभेचा पुरावा हैदराबादला चालणार नव्हता. कुसळं तीन-चारदा पाण्यातून काढून पांढरी करण्यात उन्हाळा-पावसाळा गेला, आणि त्याच थंडीत आपण मोजायला बसलो. गरम पाण्यात तेजाब विरघळवून बाटलीत भरायचं, बूच मारून ती बाटली आत्याबाईंच्या तांब्याच्या घंगाळात बुडवायची आणि घंगाळातलं पाणी ठरल्या उष्णतेवर धरून ठेवायचं. पारा खाली आला की पळीभर गरम पाणी, वर गेला की पळीभर गार. दर पाव तासाला बाटली हलवायची. मग वरचं नितळ पाणी टीपकागदातून गाळून, मोजून बशीत घ्यायचं, वाळूच्या तव्यावर हळूहळू सुकवायचं आणि मागं उरलेलं तोलायचं. गार पाण्याला ते तेजाब नकोसं, शंभर भागांत एखाद-दुसरा भाग घेतं, आणि उकळतं पाणी मात्र तीन भागांत एक भाग गिळतं. इतका फरक असल्यानं पारा जरा सरकला की माप सरकलं. मी घंगाळापाशी पळी घेऊन बसले आहे, तुम्ही खुर्चीत, आणि विचारता, "किती?" मी सांगते. पाच मिनिटांनी पुन्हा, "किती?" आंघोळीचं घंगाळ गेल्यामुळे आत्याबाई बादलीतून आंघोळ करतात आणि मला ऐकू जाईल इतपत बोलतात.

मापं जास्त येत होती. तुमच्या उर्दू पुस्तकात मायफळाच्या तेजाबाचा आकडा होता, तो तुम्ही मला मुद्दाम सांगितला नव्हता. पण आपली मापं ऐकून तुमचा चेहरा उतरायचा, त्यावरून मी ओळखलं. "पुन्हा," तुम्ही म्हणायचात. पुन्हा जास्तच. एक दिवस जास्त, दुसऱ्या दिवशी आणखी जास्त, तिसऱ्या दिवशी जरा कमी. तुम्ही जेवणात भाकरी अर्धी टाकून उठायला लागलात. एकदा आत्याबाईंना म्हणालात, "दुसरंच काही असंल ते. उगाच लोकांना लिहून बसलो." तुमचा तो आवाज मला ऐकवेना. दुपारी तुम्ही झोपल्यावर मी पुस्तक काढलं. अक्षरं लागत नव्हती, पण आकडे इंग्रजी होते, ते लागत होते, तुम्हीच शिकवले होते. मायफळाचं चित्र असलेलं पान सापडलं, आकडा सापडला. त्या आठवड्यातली सात मापं मी वहीत त्या आकड्याच्या आसपास बसवली, कुठं केसभर वर, कुठं केसभर खाली, आणि संध्याकाळी तुम्हाला वाचून दाखवली.

मला वाटलं होतं तुम्ही उडी माराल. तुम्ही म्हणालात, "पुन्हा वाच." मी वाचली. मग विचारलंत, "पुस्तक कधी उघडलंस?"

मी म्हटलं, "न्हाई उघडलं."

"सूनबाई, सख्ख्या बहिणीसुद्धा एकमेकींसारख्या इतक्या दिसत न्हाईत. आतापर्यंत तुझी मापं भांडून राह्यली होती, ती खरी होती. आज सगळी गुण्यागोविंदानं नांदायला लागली. कधी उघडलंस?"

मी सांगितलं. रडायला लागले. तुम्ही आवाज चढवला नाहीत, चढवला असतात तर बरं झालं असतं. म्हणालात, "माझे डोळे गेले म्हणून मी तुझे मागितले. मला हवं तेच दाखवायचं असंल तर माझे आंधळे काय वाईट होते?" मी वहीतलं ते पान फाडायला गेले, तर तुम्ही हात धरलात. सासऱ्यानं सुनेचा हात धरल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "फाडायचं न्हाई. त्यावर एक आडवी रेघ मार आणि खाली लिही, हे मनानं लिहिलं." मी लिहिलं. वही अजून आहे. अक्षर ओलं होऊन फुटलेलं आहे, तुम्हाला ते दिसलं नसेल.

त्यानंतर सात-आठ दिवस तुम्ही मला बोलावलं नाहीत. घंगाळ न्हाणीघरात परत गेलं. आत्याबाईंना खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण त्याच मला म्हणाल्या, "काय गं, भांडलात का? घर कसं मेल्यावानी झालं." संक्रांत आली होती आणि त्यांच्या भाचीचा पहिला सण होता, म्हणून त्यांनी रेशनची साखर महिनोन्‌महिने राखून ठेवलेली होती. परातीत तीळ, खाली निखारे, आणि त्या चमच्या-चमच्यानं पाक सोडत बोटांनी तीळ फिरवत होत्या. मी वारा घालत होते. हलव्याच्या एकेका दाण्याला काटा फुटायला लागला. वाटीतला पाक मात्र निवून गार झाला तरी तसाच पातळ होता. मी विचारलं, "आत्याबाई, वाटीतला पाक बसत का न्हाई?"

त्या म्हणाल्या, "त्याला धरायला काहीतरी लागतं ना. दाणा न्हाई तर तो कुणाच्या आधारानं बसंल? जागच्या जागी आळसून राहतो मेला." आणि त्यांनी हलव्याचा एक दाणा वाटीत टाकून ढवळलं. काही वेळानं वाटीत साखर दिसायला लागली.

माझ्या हातातला पंखा थांबला. आपण गरम पाण्यात तेजाब विरघळवून ते निवत ठेवत होतो. पाण्यात मावेल त्याहून जास्तीचं तेजाब आळसून तसंच राहत असेल तर माप जास्त येणारच. मी परात, निखारे, आत्याबाई सोडून तुमच्याकडे गेले, डोक्यावर पदर आहे की नाही याचंही भान नव्हतं. "मामंजी, त्याला दाणा पाहिजे." तुम्ही म्हणालात, "कशाला?" मी सांगत सुटले, पाक, तीळ, वाटी, बाटली. तुम्ही ऐकून घेतलंत. नंतर कपाळावर हात मारून घेतलात आणि इतक्या मोठ्यानं हसलात की आत्याबाई उलथनं घेऊन धावत आल्या. "तीस वर्षं पोरांना हे शिकवलं मी! शिकवलं, अन् घरात विसरलो!"

घंगाळ परत आलं. या वेळी दोन बाटल्या. एकीत गरम करून निववलेलं तेजाबाचं पाणी आणि वरून कोरड्या तेजाबाची चिमूट, दुसरीत गार पाणी आणि न विरघळलेलं तेजाब. एक वरून खाली येणारी, दुसरी खालून वर चढणारी. तुम्ही म्हणालात, "दोघी खऱ्या असतील तर मधे कुठंतरी भेटतील. जल्दी करायची न्हाई." दोन दिवस आपण त्या हलवल्या, पारा धरून ठेवला. स्वयंपाकाला मी गेले की आत्याबाई घंगाळापाशी बसायच्या. त्यांना आकडे येत नव्हते म्हणून मी नळीला दोरा बांधून दिला होता, पारा दोऱ्याखाली गेला की त्या पळीभर गरम पाणी घालायच्या आणि म्हणायच्या, "घे बाई, पी." तिसऱ्या दिवशी तोललं. दोन्ही मापं एकसारखी नव्हती, पण एकमेकींच्या अगदी जवळ होती, आणि मी पुस्तक न उघडताही मला तुमच्या चेहऱ्यावरून कळलं की ती कशाच्या जवळ आहेत. तुम्ही म्हणालात, "किती फरक?" मी सांगितला. "बराबर. एवढा फरक असायलाच पाहिजे." मग मायफळाचं तेजाब करून तेही तसंच मोजलं. मायफळ द्यायला जडीबुटी विकणारा अत्तार स्वतः घरी आला होता, त्याला वाटलं घरात बाळ आहे. "मुबारक हो मास्तरसाब, लडका के लडकी?" त्यानं विचारलं. तुम्ही माझ्याकडे मान वळवून म्हणालात, "लडकी. अन् हुशार निकली." आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

त्याच आठवड्यात तुम्ही आत्याबाईंना सांगितलंत, हिला पाटावर बसवून डोळ्यापासून जमिनीपर्यंत दोरा धर. त्यांनी धरला. मला वाटलं दृष्ट काढत आहेत. चार दिवसांनी सुतार एक लाकडी चौरंग घेऊन आला. त्यावर तराजू ठेवला आणि मी खाली बसले की काटा बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. तोवर मी वाकून, मान तिरकी करून वाचायची आणि रोज मान धरायची. मी कधी बोलले नव्हते. तुम्हाला ते कसं कळलं? नंतर मी कित्येक मुलींना तराजू वाचायला शिकवलं, आणि दरवेळी आधी त्यांची उंची बघितली.

पत्र उर्दूत जायला हवं होतं. बाटली हलवायच्या मधल्या पाव-पाव तासात तुम्ही मला उर्दू शिकवलंत, आधी हिवाळाभर आणि मग वेगवेगळ्या उष्णतेची मापं घेताना पुढचं वर्षभर. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेले. शेवटी तुम्ही सांगितलंत, लिही, "मापं घेणारी: माझी सून." मी लेखणी थांबवली. तुम्ही म्हणालात, "का? खोटं आहे का?" लिहिलं. मग आपण वाट बघितली. तोवर तुमचा दुसरा डोळाही जवळपास मिटला होता, उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. टपालवाल्याच्या सायकलची घंटी तुम्ही आमच्याआधी ओळखायचात. चार महिन्यांनी लिफाफा आला. आत्याबाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मी वाचलं: आपली मापं आम्ही इथं पडताळून पाहिली, ती बराबर आहेत; बाभळीच्या शेंगेतलं तेजाब मायफळाचंच आहे यात आता शंका नाही; मापं घेणाऱ्या बाईंना आमची शाबासकी सांगावी. तुम्ही खुर्चीत मागे टेकलात. आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मग ती साखर तुमच्या तोंडात घातली.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. राज्य बदललं ते तुम्ही पाहिलं नाहीत. ती धामधूम मिटल्यावर मी मॅट्रिक झाले. आत्याबाईंनीच लावून धरलं, यांना म्हणाल्या, "त्यांनी तिला अर्ध्यावर आणून सोडली, उरलेलं तू कर." यांनी केलं. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि चिकटून राहिले ती रिटायर होईपर्यंत. आत्याबाई शेवटपर्यंत कुणालाही सांगायच्या की मास्तरांच्या शोधात दाणा आमचा होता, आणि ते खरंच होतं.

हे पत्र मी घडी घालून वहीतच ठेवणार आहे, दुसरं कुठं टाकणार? पण एक सांगायचं राहिलं आहे, आणि मी बहुतेक त्यासाठीच लिहायला बसले. हैदराबादच्या त्या उत्तरात आणखी एक ओळ होती. शंका नाही, याच्या पुढे लिहिलं होतं: अफसोस, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही, मधल्या काळात दुसरीकडे कुणीतरी ती सिद्ध करून छापली आहे. मी ती ओळ वाचली नाही. तुम्ही विचारलंत, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." नंतरच्या महिन्यांत तुम्ही ते पत्र कितीदा तरी वाचून घेतलंत, आलेल्या-गेलेल्याला ऐकवायला लावलंत, आणि प्रत्येक वेळी त्या जागी मी क्षणभर थांबायची, मग पुढच्या ओळीवर जायची. तुम्ही कौतुकानं हसून पाहुण्यांना सांगायचात, "तिथं येऊन दरवेळी अडखळते. उर्दू अजून कच्चं आहे पोरीचं."

माझं उर्दू कच्चं नव्हतं, मामंजी.